बावीस मेंढरं, बावीस लेअर

शिरूरला एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइनचं काम करते. वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे गाल एअरब्रश फिरवून गुळगुळीत करायचे, हा रोजचा धंदा. त्यात हात इतका बसलाय, की साठीच्या माणसाला मी चहा थंड व्हायच्या आत चाळिशीत आणून सोडते. त्याच गुर्मीत मी सासऱ्यांसाठी चित्र करायला घेतलं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. जन्म मेंढरांमागं गेला. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून सगळी बावीस मेंढरं त्यांनी राहू गावच्या एका पाव्हण्याला देऊन टाकली. तेव्हापासून ते न्हावरे गावातल्या आमच्या घरी ओट्यावर गप्प बसून असायचे. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "ठेव झाकून." मला ते बघवायचं नाही. वाटलं, त्यांचा कळप मोठा छापून भिंतीवर लावावा, म्हणजे माणूस जरा बोलता होईल.

पेन टॅबलेटवर एक काळी मेंढी वेगळ्या लेअरवर, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक थरावर, रंगवली. मऊ ब्रशनं पोटाखाली सावली दिली, पाठीवर उजेड टाकला आणि त्याच लेअरच्या एकवीस कॉप्या काढल्या. एखादी लहान केली, एखादीचं तोंड दुसरीकडं फिरवलं. मागं कांदा काढलेलं रान. माझं मलाच कौतुक वाटलं.

आबांना लॅपटॉपपुढं बसवलं. ते स्क्रीनजवळ वाकले.

"ही एकच हाय," ते म्हणाले.

"एक कुठं, आबा? बावीस हायेत. मोजा की."

"मोजायचं काय त्यात? समद्यांचं त्वांड एकच हाय. आन् आंगावर कुसळ न्हाई, धूळ न्हाई. साबन लावून धुतलीस व्हय?"

मला झोंबलं. स्क्रीनला नावं ठेवली, खोलीतल्या उजेडाला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं. पण मनातून आनंदच झाला, कारण आबा एका दमात एवढं बोलल्याला कित्येक महिने झाले होते.

मग रोज संध्याकाळी मी कामावरून आले, की आबा खुर्ची ओढून शेजारी. "हिचा डावा कान फाटल्याला." "ही मागच्या पायानं लंगडी." "ही म्हातारी, हिच्या नाकावर पांढरं." प्रत्येकीला वेगळा लेअर आणि लेअरला तिचं नाव: कानफाटी, लंगडी, म्हातारी. लोकरीचा खरखरीतपणा मात्र काही केल्या येईना. शेवटी आबांनी खांद्यावरची घोंगडी माझ्या मांडीवर टाकली.

"ह्यांचीच लोकर हाय ही."

तिचा जवळून फोटो काढला, त्याचा ब्रश बनवला, आणि काळ्यावर काळी सावली एकदाची बसली. कुसळं मी हातानं एकेक काढली. नवरा म्हणाला, "पुढाऱ्यांनापण लाव की चार कुसळं!"

छापायला द्यायचा दिवस आला. सकाळी मी गडबडीत फाइल पेनड्राइव्हवर घेत होते. आबा दारातून आत आले, स्क्रीनवर नुसती नजर टाकली आणि थांबले.

"म्हातारी कुठं गेली?"

"समद्या हायेत, आबा. मला उशीर व्हतोय."

"म्हातारी न्हाई."

मी लेअरची यादी उघडली. आदल्या दिवशी तिच्या मागच्या मेंढीची सावली नीट करताना मी म्हातारीचा लेअर तेवढ्यापुरता लपवला होता, तो तसाच राहिला होता. एवढ्या काळ्या पाठींच्या गर्दीत मला, चित्र काढणारीला, पत्ता नव्हता. यादीतल्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं. नाकावरचं पांढरं घेऊन म्हातारी आपल्या जागेवर आली.

आबांनी कळपाला घालतात तशी जीभ टाळूला लावून हाळी घातली आणि काठी भिंतीला टेकवली.

"आल्या समद्या," ते म्हणाले. "आता भाकरी वाढ, पोरी. भूक लागलीया."