नाक्यावरची पोलीसबाई

सडक अर्जुनीच्या नाक्याला लागूनच माझं घर आहे. तिथं ड्यूटीला असणारी एक पोलीसबाई दुपारी फाटकाशी यायची, टोपी काढून काखेत धरायची आणि विचारायची, "ताई, जाऊ का?" कुठं, ते ती कधी बोलली नाही. नाक्यावर बायांसाठी संडासच नव्हता. परत निघताना मी पाणी पुढं केलं की म्हणायची, "नोको ताई. पेलं की पुन्हा यावं लागते." भर मे महिन्यातही हेच उत्तर.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. ट्रकवाल्यांशी हिंदीत, माझ्याशी आपल्या बोलीत.

गेल्या महिन्यात नाक्यावर नवे कॅमेरे बसले. मोठे साहेब आले, मांडवात आधुनिक पोलीस दलावर बोलले आणि शेवटी म्हणाले, "कोणाला काही अडचण?"

ती पुढं झाली. "साहेब, इथं बायांसाठी संडास पायजे."

साहेब हसले. "समोर एवढा ढाबा आहे की!" त्यांच्यासोबत सगळा मांडव हसला.

ती हसली नाही. "तिथं ट्रकवाले उघड्यानं आंघोळ करून राहिले, साहेब. तुमच्या घरच्या मॅडमले पाठवाल का?"



आठवडाभरात तिची बदली झाली. कारण काय, तर उद्धटपणा! चारचौघांत बाईच्या अडचणीवर हसणारा साहेब उद्धट नाही, आणि त्याला उत्तर देणारी उद्धट! माझं डोकं अजून तापलेलं आहे. कॅमेरे रात्रंदिवस चालू आहेत आणि संडासाचं कोणी नावही काढत नाही.