दादाचा जुना कोर्स

उसाची भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्यावर गेलं की आमच्या लहानपणी अख्खा दिवस नंबर लागायची वाट बघण्यात जायचा. कसबा बावड्याच्या अलीकडंच रांग सुरू व्हायची. पुढं बैलगाड्या, मागं ट्रॅक्टर, मध्येच कुणाचा तरी टेप मोठ्यानं लावलेला, आणि हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. मला मात्र अजूनही तो वास आला की भूक लागते. आई फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची. दादा आणि मी ट्रॉलीवरच्या मोळ्यांवर चढून बसायचो, आधी भाकरी, मग ऊस, आणि मग माझं इंग्रजीचं पुस्तक.

दादा माझ्यापेक्षा वर्षानं मोठा. दहावीला त्याचे सगळे विषय सुटले होते, एकटी इंग्रजी राहिली होती. ऑक्टोबरलाही ती निघाली नाही. त्यामुळं त्या मार्चला आम्ही दोघं एकाच वेळी परीक्षेला बसणार होतो, मी पहिल्यांदा, तो तिसऱ्यांदा. शाळेत त्यानं पाऊल टाकायचं सोडलं होतं. "खालच्या वर्गातली पोरं हसत्यात रं," म्हणायचा. त्याची शाळा म्हणजे मी. तेव्हापासूनच तो मला मास्तर म्हणायचा.

आबांनी त्या वर्षी नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि जेवताना एकदा निकाल देऊन टाकला होता. "दोघं कॉलेजात गेलासा तर स्टेअरिंगवर काय तुमची आई बसणार हाय? एकानं शिकायचं, एकानं चालवायचं. जो पास हुईल त्यो जाईल. दोघं पास झालासा तर थोरला जाईल, धाकटा दोन वर्सं चालवील, मग बघू." आबांचं 'मग बघू' म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी मी दादाला कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स वाक्यं शिकवायला घेतली. आमच्या सरांनी फळ्यावर जसं सांगितलं होतं तसंच मी सांगत होतो. मुख्य वाक्य, गौण वाक्य, जोडणारा शब्द. दादा ऊस सोलत ऐकत होता. मग त्यानं दातातलं चिपाड थुंकलं आणि रांगेकडं बोट केलं.

"थांब मास्तर. त्या दोन बैलगाड्या बघ. एकामागं एक चालल्यात, पण दोघींस्नी आपापलं बैल हाईत. सोडल्या तरी दोघी आपल्या वाटंनं जातील. हे तुझं अँड आन् बट-वालं वाक्य. व्हय का?"

"व्हय."

"आन् ही आपली ट्रॉली. ट्रॅक्टर एकला बाजारात जाऊन येईल. ट्रॉली एकली गेलीया कधी? पिन काढली की हितंच बसली. ते बिकॉज, व्हेन, इफ लागलेलं वाक्य म्हंजे ट्रॉली."

मग त्यानं तिथल्या तिथं वाक्यं करायला सुरुवात केली. "आय ईट शुगरकेन बिकॉज आय ॲम हंग्री. ट्रॅक्टर कोणता सांग? आय ईट शुगरकेन! बिकॉजपासनं पुढची ट्रॉली." शेजारच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर हसून ओरडला, "पावणं, सायबाच्या पोरीशी लगीन ठरलंय का काय?" दादा म्हणाला, "ठरलंय की! वरातीला तुमचाच ट्रॅक्टर सांगणार हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला त्या क्षणी जे वाटलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटली. हा पास होणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं. आणि तो पास झाला तर ट्रॅक्टरवर मी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो आणि त्याला सांगितलं, "दादा, ते वाक्यं जोडायचं सोड. मी सरांना विचारलं. हे यंदाच नवीन आलंय, रिपीटरना जुना कोर्स असतो. तुझ्या पेपरात ते येत न्हाई."

सरांना मी काही विचारलं नव्हतं.

"बरं झालं, तेवढंच वझं कमी," तो म्हणाला. मग मी त्याला निबंध पाठ करायला दिले. सहलीचा, पावसाळ्यातल्या दिवसाचा. दादा गिअर टाकताना ते म्हणायचा. बांधावर, डिझेलच्या पंपावर, गुऱ्हाळापाशी. त्याला पाठांतर कधीच जमलं नाही, हेही मला माहीत होतं.

पेपर सुटल्यावर तो शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभा होता. घामानं शर्ट चिकटलेला, हातात प्रश्नपत्रिका.

"मास्तर, ते जोडायचं आलतं की रं."

"व्हय? चुकून आलं असंल."

"मी हातच लावला न्हाई. म्हटलं, हे आपलं न्हवं." आणि हसला. मग मला सायकलवर डबलसीट घेऊन घरी आला. वाटेत मला भूक लागली असेल म्हणून भजी घेतली.

निकालात तो थोडक्यात गेला. मी पास झालो. आबांनी पुन्हा काही बोलायची गरज पडली नाही. पुढं मी कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक झालो. वर्गात हा धडा आला की मी बैलगाड्या आणि ट्रॉलीच सांगायचो. मुलांना पटकन समजायचं. "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" असं कुणी विचारलं की मी खडू उचलून फळ्याकडं वळायचो.

दादानं कधी तक्रार केली नाही. माझ्या लग्नात, घराच्या बांधकामात, आबांच्या आजारपणात, सगळीकडं तोच पुढं. लोकांना सांगायचा, "आमचा धाकटा प्रोफेसर हाय." मी शेजारी उभा राहून खाली बघायचो. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस आहे.

आता बावड्याकडच्या आमच्या रानात प्लॉट पडलेत. ट्रॅक्टर विकून झाला. यंदा पावसाळा संपता संपता दादा दुपारचा माझ्या घरी आला, व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला आणि पिशवीतून दहावीची पुस्तकं काढली.

"बाहेरनं फॉर्म भरलाय. धावीचा."

साठीला आलेला माणूस.

"हसू नगस. नात इचारती, आजोबा तुम्ही किती शिकलाय? मी म्हणतो धावी. तिच्यासंगं खोटं बोलतोय की मी. मला नगं वाटतंय ते. जुनं सुटलेलं विषय आता धरत न्हाईत, समदं नव्यानं द्यायचं. बाकीचं वाचून हुतंय, इंग्रजी तेवढी तू बघ, मास्तर." मग त्यानं पुस्तक उघडलं. "ते वाक्यं जोडायचं आधी घे. त्यानंच दगा दिलता मला."

माझी बायको चहा ठेवून आत गेली. मला अजूनही गप्प बसता आलं असतं. धडा काढला असता, शिकवला असता, तो पास झाला असता, आणि सगळं झाकलं गेलं असतं. इतकी वर्षं मी तेच करत आलो होतो. पण तो नातीशी खोटं बोलतो म्हणून या वयात परीक्षेला बसणार, आणि मी समोर बसून त्याला तोच धडा शिकवणार, हे मला झेपेना.

"दादा, जुना कोर्स नव्हता. मी सरांना विचारलंच नव्हतं."

त्याला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं. आबांचं बोलणं, मोळ्यांवरची ती दुपार, माझी भीती. सांगताना मी त्याच्याकडं बघितलं, एवढंच काय ते धाडस.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. आवाज मोठा करणारा माणूस, पण हळू बोलला.

"म्हंजे आबांनी न्हाई, तू बसवलास मला ट्रॅक्टरवर."

"व्हय."

"मला म्हटला असतास, दादा मला शिकायचं हाय, तर मी काय न्हाई म्हटलो असतो व्हय रं?"

त्यानं पुस्तकं पिशवीत भरली आणि गेला. चप्पल घालताना एकदा तोल गेला. मी हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही.

दिवाळी झाली. पहिल्यांदाच तो फराळाला आला नाही. मग बायकोकडून कळलं, त्याची सून त्याला इंग्रजी शिकवते. ती बालवाडीत शिकवते, स्वयंपाक उरकून संध्याकाळी तासभर सासऱ्याला घेऊन बसते.

एका संध्याकाळी मी न राहवून गेलो. दोघं घराच्या पुढच्या सोप्यात चटईवर बसले होते. सून उठली. "काका, बसा की. बरं झालं आलासा, ही वाक्यं जरा..."

"बसू दे त्याला," दादा वर न बघता म्हणाला. "पण बोलायचं न्हाई."

मी भिंतीला टेकून बसलो. दादा बोटानं शब्द धरत मोठ्यानं वाचत होता. ऑल्दो लागलेलं वाक्य आलं, तो अडला, मग चुकीच्या ठिकाणी तोडलं. मला उत्तर तोंडाशी आलं होतं. त्यानं मान उचलली आणि सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "मामा, परत एकदा वाचा, सावकाश." त्यानं परत वाचलं. या वेळी बरोबर आलं. नात टाळ्या वाजवत आतून धावत आली, आणि तो हसला.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी जातो. चहा मिळतो. परीक्षा मार्चमध्ये आहे. अजून त्यानं मला एकही शब्द विचारलेला नाही.