एस्तेरचा प्रार्थनेचा विषय

मंडळींनो, हे पत्र आपल्या तरुण संघात मोठ्यानं वाचा.

आज सकाळी धुळ्याला चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थनेचे विषय विचारले, तेव्हा माझी सहा वर्षांची एस्तेर उभी राहिली. म्हणाली, टीव्हीवरच्या मालिकेत सुनेला सासू मारते, तिच्यासाठी प्रार्थना करा. तुम्ही हसलात. तिथं असतो तर मीपण हसलो असतो.

दुपारी इथून, सुरतहून, जिथं मी कामाला आहे, घरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. बायको म्हणाली, "अहो, बठ्ठे हसले, अगदी सगळे. मला मान वर करता येईना. आजपासून टीव्ही बंद."

मी म्हटलं, "बंद नको करू. मालिका लागली की तिच्याजवळ बस."

"बसून काय सांगू?"

"ते नाटक आहे, असं सांग. पण दुसऱ्याला मारलेलं बघून तुला वाईट वाटलं, ते चांगलंच झालं म्हणावं."

मग तिनं पोरीला फोन दिला. पोरगी म्हणाली, "पप्पा, मी आता चर्चमध्ये काहीच मागणार नाही."

फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात मी इतका लांब.

पुढच्या रविवारी तुमच्यापैकी कोणी तिच्याजवळ जाऊन विचाराल का, "एस्तेर, आज कोणासाठी प्रार्थना करायची?"