डी-थ्रीची पाटी

माझे बाबा नांदेडला रेल्वेत होते. गाडी यार्डात लागली की डब्यांवर एस-फोर, बी-टू अशा पाट्या अडकवायचं काम त्यांचं. त्यामुळे इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडा दिसला की त्यांच्या लेखी तो रेल्वेचा डबाच.

बारावीला त्यांनी मला लातूरला शिकवणीला ठेवलं. तिथे परीक्षेतल्या मार्कांवर वर्ग ठरायचा. ए-वनमध्ये हुशार पोरं, आणि खाली उतरत उतरत शेवटी डी-थ्री. मी बी-वनमध्ये होते. दिवाळीनंतरच्या परीक्षेत फिजिक्समध्ये माती खाल्ली आणि भिंतीवरच्या यादीत माझं नाव थेट डी-थ्रीत लागलं. खोलीवरच्या मुली एकदम गोड बोलायला लागल्या, त्याचाच जास्त राग आला. मी बॅग भरली आणि बाबांना फोन लावला.

"मला डी-थ्रीत टाकलंय. मी घरी येते, मला नाही शिकायचं."

"डी-थ्री म्हंजी बसून जायचा डबा," ते म्हणाले. "जागा तं भेटली ना?"

मी फोन कापला. माझं डॉक्टर होणं बुडत होतं आणि यांना गाडी सुचत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या एसटीने लातूरला हजर. न्यायलाच आले असं समजून मी बॅग घेऊन जिना उतरले. त्यांनी मला समोरच्या टपरीवर बसवलं, दोन चहा सांगितले.

"माय, तो डबा सिलीपरचाच असतो. दिवसाच्या गाडीला लावला की एसची पाटी काढून मीच डीची लावतो. उद्या परत एस. पाटी बदलली म्हणून डबा बदलत न्हाई. अन् गाडी पोचली की सगळेच डबे पोचतात."

चहा संपवून त्यांनी बॅग खांद्यावर घेतली आणि पुन्हा वर, माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

ए-वन मला शेवटपर्यंत मिळालं नाही, मी डॉक्टरही झाले नाही. पण वर्ष पुरं केलं, नांदेडला येऊन लॅबचं शिकले. आज रक्त-लघवीच्या रिपोर्टवर माझी सही असते आणि मला माझं काम मनापासून आवडतं.

बाबा आता रिटायर झालेत. गेल्या महिन्यात त्यांचं रक्त मीच तपासलं. उभा जन्म यार्डात उन्हात काढलेल्या माणसाचं व्हिटॅमिन डी-थ्री कमी निघालं. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला.

"मलाबी डी-थ्रीच भेटला का?"

"हाव. आता बसूनच जायचं. रोज सकाळी गच्चीवर, उन्हात."

ते हसले. मग त्यांचं बोट कागदावरून खाली सरकलं आणि माझ्या सहीवर थांबलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एक गोष्ट सांगितलीच नव्हती.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही बॅग वर नेली, लई बरं केलं."

"जड होती," बाबा म्हणाले.