अर्ध्या तिकिटात येवला

आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, तरी कंपनीची बाजू काही सोडत नाहीत. सरकारने कंपन्यांना स्वस्तात जमीन दिली, विजेत सवलत दिली, कर माफ केला, तर ते ‘प्रोत्साहन’. आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तर ती ‘रेवडी’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

“कंपनीला दिलं तर चार हातांना काम मिळतं,” चहा पिताना ते सांगतात. “तुमच्या अर्ध्या तिकिटातून काय निघतं?”

अगदीच खोटं नाही ते. आमचं घर, मुलांची शिक्षणं त्याच कारखान्यावर झाली. तरी मी वाद घालायचं सोडत नाही.

माझी थोरली बहीण येवल्याला असते, घरीच हातमागावर पैठणी विणते. लग्नं झाल्यापासून आम्ही भेटलो त्या कुणाच्या बारशाला, लग्नाला, नाहीतर दहाव्याला. भाडं खर्चून जायचं तर निमित्त हवं, हे दोघींच्याही अंगवळणी पडलेलं. पंगतीत वाढता वाढता “बरी आहेस ना?” विचारायचं, आणि उत्तर यायच्या आत कुणीतरी हाक मारायचं. हल्ली फोनवर तिचा आवाज थकलेला वाटायचा. आता पुढची भेट कुणाच्या मयतीलाच की काय, या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा.

एका मंगळवारी स्वयंपाक उरकला आणि तिला न कळवताच स्टँड गाठलं. गाडी बायकांनी भरलेली. एका बाकावरचे आजोबा कुरकुरले, “बायका आता घरात कमी अन् गाडीत जास्त.”

“बाबा, तुमचं तिकीट पूर्ण आहे का?” मी विचारलं. ते हसले आणि सरकून बसले.

मला दारात पाहताच ताईचा माग थांबला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“कोण गेलं गं?”

“कुणी नाही.”

“मग घरी काय झालंय? नाय, तू लपवतीस काहीतरी.”

“काही नाही झालं. तुला बघायला आले.”

तिला ते पटेचना. पाणी दिलं, चहा दिला, पण नजर माझ्या तोंडाकडेच. मध्येच माझा हात धरून म्हणाली, “आता सांग.” शेवटी मी तिच्या मागाशेजारी पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाले, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मग तीही कलंडली, आणि जी बोलत सुटली! गुडघे, सून, आईची कडक शिस्त, काय काय. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दिवेलागणीला घरी परतले. हे वाट पाहत होते.

“काय काम होतं येवल्यात?”

“काहीच नाही. ताईजवळ लोळले, गप्पा मारल्या.”

“एवढ्यासाठी सरकारने पैसे मोजायचे?”

“हो,” मी म्हटलं, “एवढ्यासाठीच.”