पोपटांसाठी खण

आमच्या अंगणातलं डाळिंबाचं झाड माझ्यामुळे देव झालं. माझा तसा विचार नव्हता.

झाड बायकोनं लावलेलं. ती जाऊन आता वर्ष होईल. मुलगी मंजू डोहाळजेवणाला परभणीला यायची होती. फोनवर म्हणाली, "बाबा, साडीबिडी काही नको. आईच्या झाडाचं डाळिंब तेवढं ठेवा." आई नसलेल्या माहेरी लेकीनं एवढंच मागितलं. मी कामाला लागलो.

फळं मोजकीच होती आणि पोपटांना त्यांची खबर आधीच लागली होती. बागकामाच्या एका पुस्तकात लिहिलं होतं, फळांना कापडी पिशव्या बांधा. घरात पिशव्या नव्हत्या, पण कपाटात ब्लाउज पीस ढीगभर होते. (एका हळदीकुंकवातून येतात, दुसऱ्याला जातात, शिवलेला मी तरी पाहिला नाही.) प्रत्येक फळाला एकेक गुंडाळून सुतळीनं बांधला. हिरवा, लाल, मोरपंखी. झाड असं नटलं की मला उगीचच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी बुंध्याला हळदकुंकू! मी शेजारच्या कौसाबाईंना विचारलं.

"सर, लपवू नका. लेकीसाठी नवस बोललात ना?"

"नाही हो. पोपटांसाठी बांधलंय."

"पोपटाला खण?" कौसाबाई गालातल्या गालात हसल्या. "ऱ्हाऊ द्या. नवस सांगायचा नसतोच."

मी पाटी लावली : 'हे साधे झाड आहे.' संध्याकाळपर्यंत कुणीतरी पाटीलाही कुंकू लावलं.

मग पेडगावहून एक बाई रिक्षा करून आल्या. सुनेसाठी. त्यांनी प्रदक्षिणा घातल्या आणि परसाद म्हणून एक फळ खणासकट पदरात घेतलं.

"अहो, ते माझ्या मुलीसाठी..."

"तिला गुण आला म्हणूनच तर आमी आलाव, दादा." असं म्हणून त्या पाया पडल्या. मी आशीर्वाद देऊन मोकळा झालो.

तेव्हापासून परसादाची रीतच पडली. आज लाल गेलं, उद्या मोरपंखी. मला माणसांना नाही म्हणता येत नाही. (पोपटांना निदान हाकलता येतं.) शेवटी एकच फळ उरलं, तेव्हा मी झाडाखाली खुर्ची टाकून राखणीला बसलो. लोकांनी मला पुजारी समजून पुढ्यात नारळ ठेवले.

पण ते फळ वाचलं. डोहाळजेवणाच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात मंजूनं ते फोडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून घेतले. मीही एक दाणा खाल्ला. दात आंबले.

"मंजू, टाकून दे ते. पिकलंच नाहीय. बाजारातून चांगली आणतो."

"पिकलंय की. आईच्या झाडाची आंबटच असतात."

"काहीतरीच. इतकी वर्षं मी खातोय. साखरेसारखी गोड असतात."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मंजू हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या वाटीत आई साखर कालवायची. तुम्ही वाचत असायचात."

दर हंगामात मी त्या झाडाची तारीफ करायचो. आणि ती समोर बसून ऐकून घ्यायची.

मी चष्मा काढून पुसायला लागलो. कौसाबाईंनी वाकून बघितलं.

"सर, लय आंबट लागलं का?"

"लय," मी म्हणालो.