आजोबांच्या मापाची अंगठी

आत्या चांदीच्या मातीच्या अंगठ्या करायची. ही माती म्हणजे चांदीचा पिठासारखा चुरा, पाणी आणि थोडा चिकटा. कणकेसारखी वळायची, वाळवायची, कोरायची आणि भाजायची. चिकटा जळून जातो, उरते निखळ चांदी. फक्त भाजताना ती आक्रसते, म्हणून अंगठी आधी ढगळ करावी लागते. किती ढगळ, ते आत्याच्या बोटांना पाठ होतं.

अडचण वेगळीच होती. माती उघडी राहिली की बघता बघता सुकते, आणि तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, बघता बघता हाक मारतात. पाणी दे, उशी सरकव, खिडकी लाव, आता कशाला लावलीस. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर चिडू नये हे कळायचं, तरी चिडायचे. आत्या प्रत्येक हाकेला मातीवर ओलं फडकं टाकून उठायची. तिचं लग्नही असंच कुठल्यातरी फडक्याखाली राहून गेलं होतं.

मग दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्याने तिला बोलावलं. पगार आणि राहायला खोली. नमुना म्हणून पुरुषाची एक कोरीव अंगठी शनिवारी घेऊन जायची होती. माझे बाबा आजोबांना आमच्या घरी न्यायला तयार होते. आजोबांना सांगायचं तेवढं आत्या रोज उद्यावर ढकलत होती.

पुरुषाचं बोट त्या घरात एकच. आजोबांची नखं कापता कापता तिने दोऱ्याने माप घेतलं.

अंगठी देखणी झाली. वेलीचं पान अन् पान सुटं दिसत होतं. शुक्रवारी आत्या ती पुसत असताना आजोबा म्हणाले, "दाखव तरी."

त्यांनी ती बोटात घातली. अलगद गेली.

"माझ्याच मापाची की. माझ्यासाठी केलीस?"

"नाही बाबा. उद्या दाखवायला न्यायचीय. मला नोकरी लागतेय, तिकडेच राहायचं. दादा तुम्हाला त्याच्याकडे नेणार आहे."

आजोबांनी अंगठी बोटात एकदा फिरवली. मग म्हणाले, "अडकली गं. निघत नाही." आणि त्यांनी मूठ मिटली.

मी साबण आणायला उठले. आत्याने मला हाताला धरून बसवलं. तिचं माप कधी चुकत नसे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढून घे ना," मी म्हणाले. त्या मुठीत चमचा धरायचाही जोर नव्हता.

"सोडा बाबा," आत्या एकदाच म्हणाली.

"तू गेलीस तर मी हाक कुणाला मारू?"

आत्या त्या मुठीवर हात ठेवून बसून राहिली. टेबलावर उरलेली माती उघडी होती. मी फडकं टाकायला गेले, तर म्हणाली, "राहू दे."

शनिवारी सकाळी मातीचा दगड झाला होता. आजोबांनी हाक मारली. आत्या लगेच उठली, झाकायला काही नव्हतंच.